आढ्यावरचं वल्हं

वामनसारखा माणूस करावे गावात दुसरा झाला नाही. बेलापूरला विचारा, दिवाळ्याला विचारा, सारसोळ्याला विचारा. कुणी दुसरं नाव घेतलं तर तो माणूस खाडीवरचा नाही, पाहुणा आलाय असं खुशाल समजा.

चांगदेव कोळ्याचा हा धाकटा मुलगा. थोरला धर्मा, मोठ्या होडीचा तांडेल. त्याच्याबद्दल इथं जास्त सांगायचं कारण नाही, खाडीतले बोयट मासेसुद्धा त्याला ओळखून होते. वामन शाळेत दुसरीपर्यंत गेला आणि मास्तरांनाच भरती-ओहोटी शिकवून परत आला. मग मिठाच्या मचव्यावर लागला. खाजणातलं मीठ मुंबईला न्यायचं, येताना रिकामा मचवा शिडावर परत आणायचा. वीस वर्षं त्यानं हे केलं आणि एकदाही मचवा चिखलात बसवला नाही. एके दिवशी मात्र धक्का आणि मचवा यांच्या मध्ये त्याचा डावा गुडघा सापडला. हाड जुळलं, पण पाय वाकेना तो वाकेनाच. दुसरा असता तर घरात बसला असता. वामननं बेलापूरच्या बाजूला माणसं सोडणारी तरीची होडी घेतली आणि पाय सरळ लांब सोडून बसल्या बसल्या गावाची ने-आण करायला लागला.

हे सगळं पन्नास सालानंतरचं. आज त्या जागेला सीवूड्स म्हणतात आणि लोक तिथं जिन्यानं वर-खाली करतात. तेव्हा तिथं खाजण, मिठागरं आणि तिवरं होती, आणि गावाचा रस्ता म्हणजे खाडी.

आता गावातली एक रीत सांगायला पाहिजे, त्याशिवाय वामननं काय केलं ते कळायचं नाही.

कोळ्याचा मोठा मुलगा होडी सांभाळायला लागला की नारळी पुनवेला बाप आपलं वल्हं पुसून, हळद-कुंकू लावून घराच्या आढ्याला बांधतो. एकदा वल्हं आढ्याला लागलं की त्या माणसानं परत वल्हं धरायचं नाही. धरलं तर गाव म्हणणार, पोरगा कुचकामी निघाला म्हणून म्हाताऱ्याला उतरावं लागलं. मुलगा कितीही चांगला असो, नाव जायचं ते जायचंच.

चांगदेवाचं वल्हं असंच आढ्याला लागलं. धर्मासारखा मुलगा असल्यावर लागणारच. पहिलं वर्ष चांगदेव बंदरावर ऐटीत बसला. येणाऱ्या होडीला सांगायचा, "आमच्या धर्मानं बगा किती आनलंय." दुसऱ्या वर्षी सगळ्यांना शिव्या घालायला लागला, ह्याचं जाळं सैल, त्याचं शीड वाकडं. तिसऱ्या वर्षी शिव्याही बंद झाल्या.

ते पहिल्यांदा ध्यानात आलं वामनच्या बायकोच्या, गोजराच्या. ती एके दिवशी सुकट उलथता उलथता वामनला म्हणाली, "तुमी बगलंत का? बाबा बंदरावर बसतान, पन पाठ खाडीकडं करून."

वामननं जाऊन बघितलं. खरंच. साठ वर्षं ज्या पाण्यावर काढली त्याच्याकडे पाठ करून म्हातारा समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. मागून भरती येत होती आणि त्याला वळावंसं वाटत नव्हतं. बाजूला माळकरी पंढरी आणि मासळी विकून थकलेली पुतळाबाई अशीच गप्प बसलेली.  त्या दिवशी त्याचं ठरलं, बाबाला परत पाण्याकडे वळवायचं. कसं, ते अजून त्यालाही माहीत नव्हतं.

बंदराच्या मागे जुन्या डोंग्या पडल्या होत्या. एकाच आंब्याच्या खोडातून कोरलेल्या, एका माणसाच्या बुडाला पुरतील एवढ्याच. फळ्यांच्या मोठ्या होड्या आल्यावर त्यांना कोण विचारतो? कोंबड्या त्यांत अंडी घालायच्या. वामननं त्यातल्या चार उचलल्या आणि गोटीराम सुताराकडे नेल्या. हा गोटीराम वामनचा लहानपणचा सोबती. काम चोख, तोंड कडू.

"ह्यात बसून कुटं चाललास? सरगात?" गोटीराम म्हणाला.

"आदी भोकं बुजव. मंग सांगतो."

गोटीरामनं राळेत भिजवलेला कापूस फटींत ठोकला, गोजरानं वरून मुशी माशाच्या तेलाचे हात दिले. सगळ्या आळीला वास. मजुरी विचारली तर गोटीराम म्हणाला, "डोंगी बुडली तं तुज्या मयताला फुकट खांदा देईन, ती मजुरी."

पहिली डोंगी वामननं स्वतः पाण्यात घातली. पाय वाकत नाही म्हणून सरळ पुढे सोडून बसला. एका पात्याचं वल्हं एका बाजूला मारलं की डोंगी गोल फिरायची, दुसऱ्या बाजूला वळावं तर गुडघा आडवा. दोन दिवस तो चिडचिड करत घिरट्या घालत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं एक हलका बांबू घेतला, दोन्ही टोकांना फळीची पाती ठोकून घेतली आणि मधोमध धरला. एक डावीकडे, एक उजवीकडे, बसल्या जागेवरून. डोंगी सरळ अशी निघाली की बगळ्यांनी वाट सोडली. मोठ्या मोठ्या शाळा शिकलेल्यांना सुचलं नसतं, ते वामनला एका आखडलेल्या गुडघ्यानं सुचवलं. गावानं त्या बांबूला नाव दिलं दुपाती.

आणि तो बांबू हातात धरल्यावरच वामनच्या डोक्यात दुसरा उजेड पडला. तो तसाच ओला बंदरावर गेला.

"बाबा, चला. डोंगीत बसा."

चांगदेवानं मान वळवली नाही. "येडा जालास काय? माजं वल्हं आढ्याला लागलंय. धर्माची लाज काडू?"

"वल्हं कोन म्हनतो? यो बांबू हाय."

चांगदेवानं तेव्हा कुठं मान वळवली. दुपाती हातात घेतली, एक पातं बघितलं, दुसरं बघितलं. "बांबूनं कदी होरी चालते काय?"

"बसून बगा."

"आनि गाव काय बोलंल?"

"गावाला सांगा, बांबू धुवाला चाललोय."

दुसऱ्या दिवशी भांग होता. भांग म्हणजे अष्टमीपासून बारशीपर्यंतचे दिवस, तेव्हा पाण्याला ओढ नसते, डोलजाळी भरत नाहीत, मोठ्या होड्या बंदराला बांधलेल्या असतात. म्हाताऱ्यांना असंच सुस्त पाणी पाहिजे. गोजरा लुगड्याचा काष्टा आवळून कमरेएवढ्या पाण्यात डोंगी धरून उभी राहिली. चांगदेव आत बसला. गोजरानं हळूच हात काढले. चांगदेवानं डावं पातं मारलं, उजवं मारलं, परत डावं. वीस-पंचवीस हात गेला आणि थांबला. पाठमोराच होता, म्हणून त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. पण परत आल्यावर त्यानं गोजराला एवढंच विचारलं, "सूनबाई, उद्या किती वाजता?"

बंदरावर पुतळाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "ए वामन! बाप्यांनाच काय रं? चाळीस वर्सं पाटी डोक्यावर घेऊन तुज्या तरीत बसली, तुज्या आदीच्याच्या तरीत बसली. एकदा तरी कुनी इचारलं, पुतळे, तुला चालवाची हाय का?"

"तुला चालवाची हाय का, पुतळाआय?"

"मंग काय तोंड बगाला आले?"

पुतळाबाई पहिल्याच दिवशी उलटली, चिखलानं माखून वर आली आणि पहिला शब्द बोलली तो "परत!" पंढरी तिसरा. तो कोळी असून माळकरी, मासळीला शिवत नसे, म्हणून गाव त्याला चिडवायचं. पण एकादशी कधी चुकवली नाही, त्यामुळे तिथी त्याच्या तोंडावर. आणि खाडीची भरती तिथीवर चालते, रोज पाऊण तास पुढे सरकते. तेव्हा भांगाच्या दिवशी किती वाजता निघायचं, कधी वळायचं, हे सांगायचं काम पंढरीकडे आलं.

अशी दोन वर्षं गेली. पावसाळा सोडून दर भांगाला तीन म्हातारी माणसं खाडीत. पुढे वामनची तरीची होडी, मागे गोटीराम त्याच्या डोंगीत दोराचा वेटोळा घेऊन, आणि वामनच्या होडीत गोजरा, पाण्याचा हंडा आणि भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळत. चांगदेवाची भूक वाढली. शिव्या परत सुरू झाल्या. घरात सगळे खूश, शिव्या आल्या म्हणजे माणूस परत आला.

गाव मात्र हसायचं. गावकीचे म्होरके हिरामण पाटील बंदरावरून ओरडायचे, "काय रं वामन, आज किती मासळी?"

"मासळी न्हाई पाटील, हवा आनली."

"हवा खायाला खाडीत जायाची गरज? माज्या ओटीवर ये, फुकट वाढतो."

फाल्गुनातल्या भांगाला घोटाळा झाला. वामन आणि गोजरा जासईला पुतणीच्या हळदीला गेले होते, रात्रभर जागून त्याच सकाळी परत आले. नाहीतर वामनच्या हातून अशी चूक होणंच शक्य नाही. त्यानं आल्या आल्या पंढरीला विचारलं, "तिथी कंची?"

"बारस. काल एकादशी केली, आज उपास सोडून पुरनपोली खाऊन आलोय. ओहोटीबरोबर खाली जाऊ, पानी फिरलं की फिरू."

आता झालं असं की त्या महिन्यात पंचांगात एकादश्या दोन आल्या होत्या, पहिल्या दिवशी साऱ्यांची, दुसऱ्या दिवशी भागवतांची. माळकरी दुसरी धरतो. पंढरीनं दुसरी धरली आणि तिच्यावरून भरती मोजली. त्याची बारस म्हणजे खाडीची तेरस. पंढरी म्हणाला त्याच्यापेक्षा पाणी पाऊण तास उशिरा फिरणार होतं.

दुपारी सगळे खाडीच्या तोंडापर्यंत मजेत गेले. पंढरीनं सूर्याकडे बघितलं आणि सांगितलं, "फिरलं पानी. आता भरती लागली." म्हणून ते मधल्या उथळ चिखलावरून जवळच्या वाटेनं घराकडे वळले. पाणी येतंय असं समजून निघाले होते, आणि पाणी अजून जात होतं. आधी गोटीरामची डोंगी थांबली. मग पुतळाबाईची. मग चांगदेवाची आणि पंढरीची. वामननं तरीची होडी वळवायला घेतली तोवर तीही रुतली. बघता बघता खालचं पाणी गेलं आणि पाचही होड्या कमरेएवढ्या चिखलात कोंबड्यांसारख्या बसल्या. डोक्यावर फाल्गुनाचं ऊन. समोर करावे गाव, बंदरावर माणसं जमायला लागली. पोरांच्या हाका ऐकू येत होत्या.

वामननं वर सूर्याकडे बघितलं. बाप सत्तरीच्या पुढचा, ऊन असं, आणि ह्या गुडघ्यानं चिखलात पाऊलही टाकता येणार नाही. आणि त्याला हेही कळलं, की आज हे गावानं बघितलं म्हणजे डोंग्या संपल्या. बाबा परत भिंतीकडे तोंड करून बसणार.

"पंढऱ्या!" पुतळाबाईनं हाक दिली. "तुजा इठोबा पोवतो का रं चिखलात?"

पंढरी बोटांवर मोजत होता. मोजून झालं आणि त्यानं कपाळाला हात लावला. "माय गो. दुसरी एकादशी धरली मी. आज तेरस!"

"तेरस?" गोटीराम ओरडला. "आनि पुरनपोली बारशीची खाल्ली! मेल्या, एक दिस उशिरा उपाशी राहून आमाला चिखलात घातलंस!"

गोटीरामनं तरीच्या होडीतली बसायची फळी मागून घेतली, चिखलावर टाकली, पोटावर पालथा पडला आणि हातांनी ढकलत घसरत निघाला. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या पकडणारी पोरं जातात तसा. एका हातानं पाण्याचा तांब्या सावरत तो प्रत्येक डोंगीशी गेला. गोजरानं भाकऱ्या बांधलेलं जुनं लुगडं फाडून ओलं केलं आणि डोक्यावर घ्यायला एकेक पट्टा पाठवला. परत एक फेरी भाकऱ्यांची.

वामन बापाकडे बघत होता. चांगदेव डोक्याला हिरवा पट्टा बांधून वाकला होता. वामनला वाटलं घेरी आली. तेवढ्यात चांगदेवाचा हात सपकन चिखलात गेला आणि वर आला. हातात वळवळणारी निवटी.

"हे बग! गोटीराम! तू पोटावर घसरतोस, मी बसल्या जागी धरतो!"

"दे मना हिकडं," पुतळाबाई म्हणाली. "तुला धरता येते, सांभाळता कुटं येते?"

मग पैजच लागली. चांगदेव एक धरी, पुतळाबाई एक धरी. पंढरी मासळीला शिवत नाही म्हणून त्याला पंच केलं. तो "ही धरून सुटली, ही मोजायची न्हाई" असं ओरडत राहिला आणि दोघांच्या शिव्या खात राहिला. एक निवटी पुतळाबाईच्या हातातून उडून थेट पंढरीच्या मांडीवर पडली. माळकरी असा किंचाळला की बंदरावरच्या लोकांना वाटलं कुणी बुडालं. आणि चांगदेव हसला. पोट धरून, डोंगी हलेपर्यंत. वामननं हे हसणं वल्हं आढ्याला लागल्यापासून ऐकलं नव्हतं. हसता हसता भरती लागली. पाण्याचा पहिला पातळ थर चिखलावरून सरपटत आला, डोंग्यांच्या बुडाला लागला. चांगदेव ते बघत राहिला.

दिवस मावळताना सगळे बंदराला लागले. आख्खं गाव उभं होतं. हिरामण पाटलांनी एवढंच सांगितलं, "सकाळी गावदेवीच्या पारावर गावकी. सगळ्यांनी यायाचं."

सकाळी पार भरला. पाटील उभे राहिले. मनानं वाईट माणूस नव्हता, पण गावाची जबाबदारी त्याच्यावर. "हसलो आतापरेंत. काल म्हातारी मानसं उन्हात मेली असती तं? उद्या व्होळी हाय. त्या डोंग्या व्होळीला घाला. पोरांनाबी लाकडं पायजेत."

पोरांनी ओरडून होकार दिला. पोरांना काय!

पंढरी उठला. "चूक माजी हाय. डोंगीची न्हाई. मना व्होळीला घाला."

"तुला घातलं तं निस्ता धूर निगंल," पुतळाबाई म्हणाली. "भरती मी मोजन. मी मासळी इकली हाय, भरती चुकली तं गिऱ्हाईक चुकतं. माज्या एकादश्या कमी हायत, पन एकच धरते."

लोक हसले, पण पाटील हसले नाहीत. "आनि चांगदेवा, दुसरी गोष्ट. बांबू म्हन, काय पन म्हन. तुजं वल्हं आढ्याला लागलंय. तुज्या पोराची लाज हाय का न्हाई?"

 चांगदेवाची मान खाली गेली. वामन उभा राहायला लागला, पण गुडघ्यामुळे त्याला वेळ लागतो. त्याच्या आधी धर्मा उठला. तो सरळ घराकडे गेला. गोजरा नंतर सांगायची, घरात शिरून दादा आढ्याखालच्या पेटाऱ्यावर चढले, गाठी सुटेनात तेव्हा कोयत्यानं दोर कापला. धर्मा परत आला तो खांद्यावर चांगदेवाचं वल्हं घेऊन. हळद-कुंकू अजून त्याच्यावर होतं, वर जळमट.

त्यानं ते बापाच्या पुढ्यात उभं केलं. "घ्या बाबा. मी थोरला, मीच उतरवलंय. माजी लाज माजी मना ठावं. माजा बाप वल्हं मारतो म्हनून माजं नाव जाईल एवढं माजं नाव हलकं न्हाई. आता कोन बोलतो बगू."

धर्मासारखा मुलगा गावात एकच होता, हे त्या दिवशी पारावर बसलेल्या सगळ्यांना कळलं.   खुद्द थोरल्यानं उतरवलेलं वल्हं, त्याला रीत काय अडवणार?

चांगदेवानं वल्हं दोन्ही हातांनी घेतलं. उचललं, तोललं, परत जमिनीला टेकवलं. डोळे पुसले. मग धर्माकडे बघून म्हणाला, "लय जड हाय रं, पोरा. परत वर बांद. मना आपली दुपातीच बरी."

पारावर असा हशा पिकला की देवळातले पारवे उडाले. पाटलांनाही हसू आवरलं नाही. डोंग्या वाचल्या. होळीला गोटीरामनं आपल्या अंगणातलं कुजकं लाकूड दिलं, वर तीन दिवस त्याचं कौतुक ऐकवलं.

पुढच्या भांगाला वामननं डोंग्या पाण्यात घातल्या. भरती पुतळाबाईनं मोजली होती. गोजरा कमरेएवढ्या पाण्यात उभी, गोटीराम दोर गुंडाळतोय, चांगदेव पहिल्या डोंगीत बसून सगळ्यांना उशीर केल्याबद्दल शिव्या देतोय. तेवढ्यात हिरामण पाटील बंदरावर आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्या मुलानं गेल्याच नारळी पुनवेला होडी हातात घेतली होती.

"सहज आलो," पाटील म्हणाले. "बगाला."

"बगा," वामन म्हणाला.

पाटील बघत उभे राहिले. पाणी हळूहळू पायरीला लागलं. शेवटी चांगदेवानं आपली डोंगी बंदराला टेकवली आणि खाली उतरला.

"पाटील, वल्हं आढ्याला लागलंय ना तुमचं?"

"लागलंय," पाटील बारीक आवाजात म्हणाले.

चांगदेवानं दुपाती त्यांच्या हातात दिली.

"मंग बसा. यो बांबू हाय."